एमटीएचएफआर 'डिटेक्टेड' आलंय, दोनदा मिसकॅरेज झालं त्याचं कारण हेच का? (कोल्हापूरकर, बोला की)

रंकाळवेस_२९

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसती वाचत असते, लिहायची वेळ आजच आली. वय २९, मिस्टर शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत सुपरवायझर आहेत, मी एका पतसंस्थेत काउंटरला. दोन वेळा दिवस गेले आणि दोन्ही वेळा टिकलं नाही. पहिल्यांदा सातव्या आठवड्यात आपोआपच ब्लीडिंग होऊन गेलं, दुसऱ्यांदा नवव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके दिसेनात म्हणून क्युरेटिंग करावं लागलं. त्यानंतर एका लॅबचं पॅकेज केलं, रक्ताच्या गुठळ्यांचे जीन वगैरे बघतात ते. सगळ्या ओळींपुढं 'नॉट डिटेक्टेड' आणि एकाच ओळीत लाल ठळक अक्षरात 'एमटीएचएफआर सी६७७टी, हेटेरोझायगस म्युटेशन डिटेक्टेड'. रिपोर्ट मोबाईलवर रात्री आला, डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात, त्यामुळं मधल्या मधे घरातल्या सगळ्यांनी आपापला अर्थ लावून झाला. सासूबाई मनानं वाईट नाहीत ओ, पण भाकरी थापता थापता "म्हंजे दोष तुझ्यातच निघाला की गं" असं बोलून गेल्या आणि ते काय डोक्यातनं जाईना. वर जाऊबाईंच्या माहेरून निरोप आलाय की ह्याला रोज पोटात इंजेक्शन घ्यावं लागतं, पूर्ण नऊ महिने. खरंच ह्या जीनमुळं गेलं का? आणि पुढं जायचं तर काय करून जायचं? कुणाला अनुभव असेल, माहिती असेल तर सांगा प्लीज.

गंगावेस_कट्टा

ताई टेन्शन घेऊ नका. आमच्या आज्जीला आठ पोरं झाली, तिनं कधी जीनबीन बघितला न्हाई. ह्या लॅबवाल्यांचा धंदा हाय सगळा. पहाटे कट्ट्यावर येत जावा मिस्टरांना घेऊन, म्हशीखालचं धारोष्ण दूध फेसासकट एक ग्लास, महिनाभरात अंगात फरक पडतो का न्हाई बघा. नाद खुळा.

कागलची_वहिनी

कट्टा, तुझं दूध ठेव जरा बाजूला. आज्जीला आठ झाली ती मोजलीस, गेलेली किती ते तिनं तुला सांगितलं असंल व्हय?

रंकाळवेस, तुझं वाचून माझेच दिवस आठवले बघ. माझी तीन गेली. तिसऱ्या वेळी मी दवाखान्यातनं आलो तर दारात एक जण म्हणते कशी, हिच्या पोटात काय टिकतच न्हाई. पाणी उतरवलं, कुणी सांगितला तो अंगारा लावला, आदमापूरला जाऊन आलो, सगळं केलो. शेवटी सांगलीच्या एका डॉक्टरांनी दोघांचं पण रक्त काढायला सांगितलं, क्रोमोझोमची तपासणी. आमचे हे म्हणतात माझं कशाला, मला काय झालंय. आणि रिपोर्ट आला तर घोळ त्यांच्यातच! दोन क्रोमोझोमचे तुकडे एकमेकांच्या जागी जाऊन बसलेत, माणूस ठणठणीत, कुस्तीला जात होता, त्याला कधी शिंक आली न्हाई. पण त्याच्याकडनं मूल होताना हिशेब कधी जुळतो कधी चुकतो. डॉक्टर म्हणाले प्रयत्न करत राहा, जुळंल तेव्हा राहील. राहिलं. पोरगी आता पाचवीत हाय. मी तेव्हापासून कुणालाही एकच सांगतो, एकटीचं रक्त देऊ नको, नवऱ्याला संगं बसव.

पेशीवाली

मी मूळची गडहिंग्लजची, पुण्यात जेनेटिक्स लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही, सँपल आणि मायक्रोस्कोप ह्यांच्यातली माणूस. त्यामुळं औषध सांगणार नाही, पण ह्या लाल अक्षरांबद्दल लिहिल्याशिवाय राहवेना.

एमटीएचएफआर हा जीन पहिल्या क्रोमोझोमवर असतो आणि तो एक एंझाइम बनवतो, जे आपण खाल्लेल्या फोलेटला शेवटचं वापरण्याजोगं रूप देतं. ते रूप मग बी१२ च्या मदतीनं होमोसिस्टीन नावाच्या घटकाचं मेथिओनिन करतं. सी६७७टी म्हणजे त्या जीनमध्ये ६७७ नंबरच्या जागी 'सी' ऐवजी 'टी' आलाय. त्यामुळं एंझाइम थोडं नाजूक होतं, उष्णतेला लवकर ढिलं पडतं. एकच कॉपी बदललेली असेल (तुमची तशी आहे) तर एंझाइमचं काम साधारण ६५ टक्के चालतं, दोन्ही बदललेल्या असतील तर ३० टक्क्यांच्या आसपास. ६५ टक्के ऐकून घाबरू नका, तेवढं रोजच्या कामाला आरामात पुरतं. आणि हा बदल काय दुर्मीळ नाही. उत्तर अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांत शंभरातले दहा ते पंधरा जण तर दोन्ही कॉप्या बदललेले सापडतात, आणि एक कॉपीवाले त्याहून कितीतरी जास्त. ह्या सगळ्यांच्या आयांना मुलं झाली म्हणूनच ते मोजायला हजर आहेत ना.

आता गंमत म्हणा नाहीतर चीड आणणारी गोष्ट म्हणा. अमेरिकेतल्या मेडिकल जेनेटिक्सच्या कॉलेजनं २०१३ सालीच लिहून ठेवलंय की वारंवार गर्भपात किंवा गुठळ्यांच्या तपासणीत एमटीएचएफआर मागवूच नका, कारण त्याचा ह्या दोन्हींशी ठोस संबंध नाही. तरी पॅकेजमध्ये तो असतोच. सापडण्याची शक्यता भरपूर, म्हणजे पेशंटला 'काहीतरी निघालं' असं वाटतं. नॉट डिटेक्टेड हिरव्यात आणि डिटेक्टेड लालमध्ये छापायचं कुणी ठरवलं कुणास ठाऊक. छापणाऱ्यांच्यातलीच मी, पण मला ते पटत नाही.

सुगरण_राजारामपुरी

असं कसं म्हणता? मला पण हेच निघालं होतं, मी साधं फॉलिक अॅसिड बंद करून महागातलं मिथाइलफोलेट (फोलेटचं ते आयतं तयार रूप) चालू केलं आणि पुढच्याच खेपेला राहिलं, मुलगा दोन वर्षांचा आहे. माझ्या बाबतीत तरी सिद्ध झालं. आमच्या ग्रुपवर अशा बारा-पंधरा जणी आहेत.

पेशीवाली

ताई मुलगा झाला ते फार छान झालं. पण असं बघा. २०२३ मध्ये लॅन्सेटमध्ये अलाइफ-टू नावाचा मोठा प्रयोग छापून आला. गुठळ्यांचा आनुवंशिक धोका असलेल्या (म्हणजे एमटीएचएफआरपेक्षा पक्के मानलेले दोष, फॅक्टर फाइव्ह लायडन वगैरे) आणि दोन किंवा जास्त गर्भपात झालेल्या बायका घेतल्या. निम्म्यांना गरोदरपणात रोज हेपरिनचं (गुठळ्या होऊ न देणारं औषध, तेच ते पोटातलं) इंजेक्शन, निम्म्यांना नाही. इंजेक्शनवाल्यांत शंभरातल्या ७२ जणींना मूल झालं आणि न घेणाऱ्यांत ७१ जणींना. म्हणजे काय, दोन-तीन वेळा गेल्यावर सुद्धा बहुतेकींना पुढच्या वेळी होतंच, आणि त्या वेळी हातात जी बाटली असेल तिला श्रेय मिळतं. तुमच्या ग्रुपवर ज्यांना झालं त्या लिहितात, ज्या मिथाइलफोलेट घेऊनसुद्धा रिकाम्या राहिल्या त्या ग्रुप सोडून गेलेल्या असतात.

आणि एक महत्त्वाचं, कृपा करून कुणी हे वाचून साधं फॉलिक अॅसिड बंद करू नका. १९९१ ला ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा अभ्यास आला, आधी मज्जानलिकेचा (गर्भाच्या ज्या नळीतनं मेंदू आणि मज्जारज्जू बनतो तिचा) दोष असलेलं मूल झालेल्या बायकांना साधंच फॉलिक अॅसिड दिलं तर तोच दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. ती नलिका गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते, तोपर्यंत कितीतरी बायकांना पाळी चुकल्याचं पण धड कळलेलं नसतं, म्हणून गोळी आधीपासून घ्यायची. ह्या एका बाबतीत एमटीएचएफआरचा संबंध आहे, आईच्या दोन्ही कॉप्या बदललेल्या असतील तर त्या दोषाचा धोका थोडा वाढतो. पण उपाय तोच, फॉलिक अॅसिड. तो बदल असलेल्यांना पण साधी गोळी लागू पडते.

शाहूपुरी_ओपीडी

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, नाव देत नाही, कन्सल्टेशन समजू नये. पेशीवालीनं लिहिलंय ते बरोबर आहे, मी दोन-चार गोष्टी जोडतो.

आपल्याकडं होमोसिस्टीन वाढलेलं दिसलं तर जीनपेक्षा आधी बी१२ बघावं. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटानं खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले पुरुष तपासले होते तर त्यांच्यातल्या दोन तृतीयांश जणांचं बी१२ कमी निघालं. पुरुषांचं हे, मग घरात सगळ्यांच्या मागनं जेवणाऱ्या बाईचं काय असेल. बी१२ मुख्यतः प्राणिज पदार्थांतनं मिळतं, आणि कोल्हापूर म्हटलं की बाहेरच्यांना तांबडा-पांढरा दिसतो. माझ्या ओपीडीतल्या बायकांना विचारा. सोमवार महादेवाचा, मंगळवार-शुक्रवार अंबाबाईचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, रविवार जोतिबाचा, राहिला बुधवार, आणि त्या दिवशी रस्सा तिच्या वाटणीचा आणि फोडी पाहुण्यांच्या. त्यात सासरी माळकरी असले तर विषयच संपला.

इंजेक्शनबद्दल मात्र सावध. वर आकडे वाचून चालू असलेलं हेपरिन कुणी परस्पर बंद करू नका. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम नावाचा वेगळा प्रकार आहे, तो जन्मजात जीनचा नव्हे, शरीरात नंतर तयार होणाऱ्या अँटिबॉडीचा आहे, आणि त्यात कमी डोसची अॅस्पिरिन अधिक हेपरिन ह्याचा उपयोग होतो. त्याची तपासणी एकदा पॉझिटिव्ह येऊन चालत नाही, १२ आठवड्यांनी पुन्हा करून पक्कं करायचं असतं. दोन गर्भपात झालेल्या बाईत मी आधी हे बघतो, मग थायरॉइड, शुगर, आणि पिशवीत जन्मतः पडदा वगैरे आहे का ते सोनोग्राफीत.

कट्टा साहेब, धारोष्ण दुधाबद्दल. ब्रुसेला झालेली म्हैस गाभडते हे कुठलाही शेतकरी सांगेल, तोच जंतू कच्च्या दुधातनं माणसात येतो. लिस्टेरिया नावाचा दुसरा जंतू पण. मूल हवं असलेल्या किंवा गरोदर बाईनं कट्ट्यावरचं दूध प्यायचं नाही, उकळलेलंच प्यायचं. कट्ट्याची मजा आहे, मी पण जातो, पण ही मजा त्यांच्यासाठी नाही.

गंगावेस_कट्टा

बरं वो डॉक्टर. उकळून पिऊ दे मग. मिस्टरांनी कच्चं प्यालं तर चालंल न्हवं?

शाहूपुरी_ओपीडी

नाही.

इचलकरंजी_मागवाला

मला वेगळा प्रश्न हाय. मी मामाची पोरगी केलोय, आमच्यात चालतंच, आईचा हट्ट होता. आमची पण दोन गेली, त्यातलं एक द्राक्षगर्भ म्हणून सांगितलं, पिशवीत नुसते द्राक्षाच्या घडागत फुगे, बाळ नाहीच. नात्यातलं लग्न म्हणून झालं का? बायकोची थोरली बहीण हाय, तिचं पण असंच दोनदा झालंय, तिच्या सासरी तर तिला परत पाठवायची भाषा चालली.

पेशीवाली

दादा तुमची पोस्ट वाचून मी खुर्चीतनं सरळ झाले. एखाद वेळचा द्राक्षगर्भ हा जवळपास नेहमी योगायोग असतो, जीन वगैरे नाही. पण सख्ख्या बहिणींत, आणि पुन्हा पुन्हा, असं झालं असेल तर तो वेगळा विषय आहे. एनएलआरपी७ नावाचा जीन आहे, १९ नंबरच्या क्रोमोझोमवर, २००६ साली तो वारंवार द्राक्षगर्भ होणाऱ्या कुटुंबांत सापडला. नंतर केएचडीसी३एल नावाचा दुसरा पण. ह्यात बाईच्या दोन्ही कॉप्या बिघडलेल्या असाव्या लागतात, म्हणजे एक बापाकडनं एक आईकडनं. त्यामुळं इथं बघायचं ते तुमचं लग्न नव्हे, तुमच्या सासू-सासऱ्यांचं. ते एकमेकांच्या नात्यातले आहेत का? असतील तर दोघांकडंही तीच बिघडलेली कॉपी असण्याची शक्यता वाढते. जीन बीजांडात काम करतो, आईकडनं येणाऱ्या काही जीनांवर 'हे आईचं' अशी जी खूण उमटायला हवी ती नीट उमटत नाही, आणि गर्भाऐवजी नुसती वारेची पेशी वाढत सुटते. नवरा बदलला तरी तेच होतं. पुन्हा पुन्हा प्रयत्न करून हाल करून घेण्यापेक्षा जेनेटिक कौन्सेलरकडं जा, दान केलेल्या बीजांडानं अशा बायकांना मुलं झालेली आहेत. मेहुणीला पण सांगा, दोघींची एकत्र तपासणी होऊ दे. परत पाठवायची भाषा करणाऱ्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

इचलकरंजी_मागवाला

सासू-सासरे आत्ते-मामे भावंडंच हायत. वाचून गप्पच बसलो. मेहुणीला फोन करतो आजच.

रंकाळवेस_२९

सगळ्यांचे खूप आभार. सासूबाईंना डॉक्टरांची पोस्ट वाचून दाखवली, सोमवार-मंगळवारच्या हिशेबावर हसल्या. पण एक शंका राहतेच. हा एमटीएचएफआर नाही तर नाही, पण माझं सातव्या-नवव्या आठवड्यात गेलं ते मग कशानं? आणि 'बाईच्या जीनमुळं गर्भ सुरुवातीलाच मोडतो' असं खरंच काही असतं का नसतंच? मला गोड बोलून समजूत घातलेली नको, असेल तर आहे म्हणून सांगा.

पेशीवाली

असतं. मोठं होईल, चहा घेऊन बसा.

आधी तुमचं कशानं गेलं असेल ते. पहिल्या तीन महिन्यांत जाणाऱ्या गर्भांत निम्मे किंवा जास्त असे निघतात की त्यांच्यात क्रोमोझोमची संख्याच चुकलेली असते. ४६ ऐवजी ४७ किंवा ४५. सगळ्यात जास्त सापडतो तो १६ नंबरचा एक जादा. आम्ही स्लाइडवर सोळा नंबरची तीन एकाशेजारी एक बघतो तेव्हा तिथं पुढं काही होणारच नव्हतं हे कळतं, कारण ते तीन घेऊन मूल जन्मालाच येत नाही. ही चूक बहुतेक वेळा बीजांड तयार होताना होते. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची बीजांडं तयार होऊन अर्ध्या वाटेवर थांबलेली असतात, तुमच्या बाबतीत २९ वर्षं थांबलेली. तोपर्यंत क्रोमोझोमच्या जोड्यांना धरून ठेवणारी जी प्रथिनांची कडी असते ती वयानं ढिली होत जाते. म्हणून विशीत दर शंभर गर्भांतले साधारण १२ जातात आणि पंचेचाळीशीनंतर ६५. जगभरात वर्षाला दोन कोटी तीस लाखांच्या आसपास गर्भपात होतात. ह्यात कुणी जिना चढलं म्हणून, पपई खाल्ली म्हणून, काउंटरला उभं राहिलं म्हणून झालेलं नसतं.

आता जीनचा भाग. २०१५ मध्ये सायन्स मासिकात एक काम आलं. आयव्हीएफच्या हजारो भ्रूणांची तपासणी आणि त्यांच्या आईबापांचे जीन असं एकत्र ताडून बघितलं. त्यात चौथ्या क्रोमोझोमवरचा एक पट्टा पुढं आला जिथं पीएलके४ नावाचा जीन आहे. हा जीन पेशी विभागताना दोन टोकं ठरवणाऱ्या यंत्रणेचा हिशेब ठेवतो, एकाच्या दोन व्हायच्या, तीन नाही. आईकडं तिथला ठरावीक बदल असेल तर पहिल्या काही विभाजनांतच घोळ व्हायचं प्रमाण जास्त दिसलं, पेशी दोनाऐवजी तीन दिशांना ओढली जाते आणि क्रोमोझोम वाटेल तसे वाटले जातात. अशा बायकांची भ्रूणं पाचव्या दिवसापर्यंत कमी टिकतात असंही दिसलं. आणि बघा, ही चूक वयानं वाढत नाही, वर सांगितलेली बीजांडाची चूक वेगळी आणि ही वेगळी. बापाकडं तोच बदल असला तरी काही फरक दिसला नाही.

आईचाच का? कारण फलन झाल्यावर पहिले दोन-तीन दिवस भ्रूणाचे स्वतःचे जीन जवळपास बंदच असतात, चार ते आठ पेशी होईपर्यंत ते आईनं बीजांडात बांधून दिलेल्या शिदोरीवर चालतं. शिदोरीत पीएलके४ जरा कमअस्सल पडलं तर पोराचे स्वतःचे जीन कितीही चांगले असले तरी त्यांची पाळी यायच्या आधीच काम बिघडतं.

अलीकडे त्याच संशोधकांच्या गटानं, आता ते जॉन्स हॉपकिन्सला आहेत, लाखाहून जास्त भ्रूणांचा डेटा घेतला आणि एसएमसी१बी नावाचा जीन पुढं आला. हा नेमका त्या मघाच्या कडीचा एक भाग बनवतो. म्हणजे वयानं कडी ढिली होते ते होतंच, पण काही जणींची कडी जन्मतःच किंचित वेगळ्या घडणीची असते.

टाकाळा_सीए

इंटरेस्टिंग. मग ह्या पीएलके४ आणि एसएमसी१बीची टेस्ट कुठं होते? पैशाचा प्रश्न नाही, आम्ही दोघं करून घेऊ.

पेशीवाली

करू नका. हाच तर मुद्दा आहे. एमटीएचएफआरचं जे झालं तेच ह्यांचं होईल, उद्या कुणीतरी पॅकेजमध्ये घालेल. पीएलके४ चा तो बदल जगातल्या सगळ्या लोकांत भरपूर आहे, ज्यांना चार-चार मुलं सहज झाली अशा बायकांत पण. त्याचा परिणाम हजारो भ्रूणांच्या सरासरीत दिसतो. एकट्या बाईच्या पुढच्या गरोदरपणाबद्दल तो तुम्हाला काही सांगणार नाही, आणि सापडला तरी द्यायला औषध नाही. मग त्या कागदाचं घरात काय होणार? रंकाळवेस ताईंच्या पहिल्या पोस्टमध्ये काय झालं ते वाचलंच तुम्ही. एनएलआरपी७ वेगळा, तिथं उत्तरानं पुढचा निर्णय बदलतो. वहिनींच्या मिस्टरांची तपासणी वेगळी, वारंवार गर्भपात होणाऱ्या शंभर जोडप्यांत दोन ते पाच ठिकाणी असं तुकड्यांची अदलाबदल झालेलं सापडतं आणि सापडलं तर पुढं करण्यासारखं काहीतरी असतं. मी तपासणी करून घ्यायची का नाही हे ह्याच एका गोष्टीवर ठरवते, उत्तर काहीही आलं तरी तुम्ही तेच करणार असाल तर रक्त द्यायचंच कशाला.

सुगरण_राजारामपुरी

तरी मी म्हणेन की माझ्या बाळाला मिथाइलफोलेटच पावलं. असो. विज्ञान विज्ञानाच्या जागी.

कागलची_वहिनी

पावलं तर पावलं गं, पण हिला साडेआठशेची बाटली घ्यायला लावू नको.

शाहूपुरी_ओपीडी

रंकाळवेस, तुमच्या डॉक्टरांना भेटायच्या आधी डोक्यात ठेवा म्हणून. पुढच्या वेळी, न होवो, पण क्युरेटिंगची वेळ आलीच तर आधीच सांगून ठेवा की थोडा भाग क्रोमोझोमच्या तपासणीला पाठवायचाय. तो सलाइनमध्ये जावा लागतो. सवयीनं सिस्टर फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकतात, फॉर्मेलिनमध्ये पेशी मरतात, मग त्यांची वाढ करून क्रोमोझोम बघता येत नाहीत. हे माझ्या स्वतःच्या थिएटरमध्ये भिंतीवर लिहून ठेवलंय. आणि आईचं थोडं रक्त पण सोबत पाठवावं, कधीकधी नमुन्यात गर्भापेक्षा आईच्याच पेशी जास्त येतात आणि सगळं नॉर्मल आहे असा फसवा रिपोर्ट येतो. रिपोर्टमध्ये मुलगा का मुलगी ते लिहिणार नाहीत, कायद्यानं बंदी आहे, लॅबला विचारत बसू नका.

एक माहिती म्हणून, १९९४ च्या गर्भलिंग निदानाच्या कायद्यात गर्भाची जनुकीय तपासणी कुणाला करता येते त्याच्या अटी दिल्यात, ३५ च्या वरचं वय ही एक आणि दोन किंवा जास्त आपोआप झालेले गर्भपात ही दुसरी. म्हणजे पुढच्या गरोदरपणात गरज पडली तर तुम्ही त्यात बसता, उगाच कुणी 'तुमचं वय बसत नाही' म्हणून परत पाठवलं तर सांगा.

मॉडरेटर_करवीर

धाग्यावर दोन जणांनी आयुर्वेदिक किटचे फोन नंबर टाकले होते, काढले आहेत. परत टाकाल तर आयडी बंद.

टाकाळा_सीए

नोकरी करणाऱ्यांसाठी. मॅटर्निटी बेनिफिट कायद्यात होती ती गर्भपातानंतरची सहा आठवडे भरपगारी रजा आता सोशल सिक्युरिटी कोडमध्ये आहे. बऱ्याच ठिकाणी एचआर सिक लीव्हमधनं कापतात आणि बाई बिचारी आठवड्यात कामावर हजर होते. डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा आणि लेखी अर्ज करा. पतसंस्थेत किती लोक आहेत त्यावर लागू आहे का ते ठरतं, दहा किंवा जास्त असतील तर बहुतेक लागू आहे, मला मेसेज करा, अर्जाचा मसुदा देतो.

रंकाळवेस_२९

मी पाचव्या दिवशी काउंटरला होते. कुणी सांगितलंच नाही. मेसेज करते दादा.

डॉक्टरांकडं काल जाऊन आलो दोघं. एमटीएचएफआरचा कागद त्यांनी बघितला आणि बाजूला ठेवला, इंजेक्शनचं नाव पण काढलं नाही. बी१२ निघालं तळाला, त्याची इंजेक्शनं मात्र लागली, दंडावर. थायरॉइड ठीक. अँटिबॉडीची तपासणी दिलीय, पॉझिटिव्ह आली तर बारा आठवड्यांनी परत. आणि दोघांचं क्रोमोझोमचं. मिस्टर कागलच्या वहिनींची पोस्ट वाचून आधीच तयार झाले होते, दवाखान्यात शर्टाची बाही आपणच वर करून बसले, माझ्या आधी त्यांचं रक्त काढायला लावलं. सासूबाई सोबत होत्या, त्यांनी सिस्टरला विचारलं, "ह्याचं पण निघू शकतं व्हय?" आणि सिस्टर म्हणाली निघतं की मावशी. नंतर येताना गाडीत गप्प होत्या. रक्त उद्या पुण्याला जाणार म्हणालेत.

पेशीवाली

उद्या म्हणजे शनिवार? मग थांबा. कॅरिओटाइपला (म्हणजे ह्या क्रोमोझोमच्या तपासणीला) पेशी जिवंत पोचाव्या लागतात, हिरव्या झाकणाची ट्यूब आहे ना ती बघून घ्या, जांभळ्या झाकणाची असेल तर परत काढावं लागेल. शनिवारी कुरिअरला टाकलं तर रविवारभर कुठंतरी गोडाऊनमध्ये पडून राहतं आणि सोमवारी आमच्याकडं येतं तेव्हा निम्म्या पेशी गेलेल्या असतात. रक्त काढून झालंय, तर त्यांना म्हणा फ्रीजरमध्ये अजिबात टाकू नका आणि आज रात्रीच्याच गाडीनं पाठवा. नाहीतर सरळ सोमवारी परत जाऊन द्या. रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात, रोज फोन करून काही लवकर येत नाही, पेशी वाढायला जो वेळ लागतो तो लागतोच.

रंकाळवेस_२९

हिरवंच झाकण होतं, मी बघितलं. फोन करते लॅबला आत्ताच, उघडी असेल अजून.